ॲबिगेलनं जॉनला ‘अहो’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही चौघीजणी ॲबिगेल आणि जॉन ॲडम्स या नवराबायकोच्या पत्रांचं दीड तासाचं अभिवाचन बसवतोय. “बायकांना विसरू नका” हे तिचं गाजलेलं पत्र शेवटी ठेवायचं ठरलंय. बाकी कोणती पत्रं घ्यावीत? आणि मराठीत तिनं नवऱ्याला तू म्हणावं की अहो? यावरून आमच्यात दोन तट पडलेत.’

तट पडले ते बरं झालं, म्हणजे पत्रं नीट वाचली जाताहेत. मी बावीस वर्षं जुन्या खासगी पत्रांची लिप्यंतरं करते, आधी मोडीतली, नंतर अठराव्या शतकातल्या इंग्रजीतली. एक खोड मला दोन्हीकडं दिसली. एखादं वाक्य गाजलं की ते आजूबाजूचा सगळा मजकूर खाऊन टाकतं. या जोडप्याच्या, म्हणजे पुढं अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन आणि त्याची बायको यांच्या बाबतीत तर फारच. तेव्हा तू आणि अहोचं नंतर बघू, आधी तुमच्या शेवटाबद्दल बोलते. ते पत्र शेवटी ठेवू नका.

31 मार्च 1776 चं ते पत्र अख्खं काढून मोठ्यानं वाचा. इंग्लंडशी लढणाऱ्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, फिलाडेल्फियात भरली होती, जॉन तिथं होता आणि ती घरी मॅसॅच्युसेट्समध्ये. सुरुवातच तक्रारीनं आहे. मी लिहिते त्याच्या निम्म्या लांबीचं तरी पत्र तू मला कधी लिहावंस! मग प्रश्नांची सरबत्ती: तुमचं आरमार कुठं गेलं, व्हर्जिनिया स्वतःचं रक्षण कसं करणार? त्यात एक खोचक शंकाही आहे. व्हर्जिनियाची माणसं स्वतः दुसऱ्यांचं स्वातंत्र्य हिरावून घेत आली, मग स्वातंत्र्याची ओढ त्यांच्यात तितकीच तीव्र कशी असेल? रोख गुलाम बाळगणाऱ्यांवर होता. पुढं बॉस्टनमधल्या त्यांच्या घराची हकिकत येते. इंग्रज फौज 17 मार्चला बॉस्टन सोडून गेली होती. त्यांच्या घरात एका पलटणीचा डॉक्टर राहून गेला होता आणि घराचा उकिरडा झाला होता. तरी ती म्हणते, मला नवी मालमत्ताच मिळाल्यासारखं वाटतंय. शहरात देवीची साथ आहे. जॉननं विचारलं होतं की घरी सोरा तयार करतेस का, कारण बंदुकीच्या दारूला सोरा लागे. ती कळवते, अजून हात घातला नाही, साबण करून झाला की बघते, सध्या घरच्यांना उघडं पडू नये एवढं कापड विणण्यातच माझा दिवस जातो.

आणि या सगळ्याच्या मध्ये, वसंत आल्यानं जीव हलका झालाय असं सांगून झाल्यावर, ते वाक्य येतं. तुम्ही जे नवे कायदे करणार आहात त्यात बायकांना विसरू नका, आपल्या पूर्वजांपेक्षा त्यांच्याशी जरा उदारपणे वागा. नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. जमलं तर सगळेच पुरुष जुलमी होतील. आमच्याकडं लक्ष दिलं नाहीत तर आम्ही बंड करू, आणि ज्या कायद्यांत आमचा आवाज नाही, प्रतिनिधी नाही, त्यांनी आम्ही स्वतःला बांधून घेणार नाही.

तिचं मागणं काय होतं ते इथं नीट समजून घ्यायला हवं. मताधिकाराचा शब्द त्या पत्रात नाही. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. जमीन, पैसा, कमाई, मुलं, सगळ्यावर नवऱ्याचा हक्क. नवरा भला असेल तर ठीक, नसेल तर दाद मागायला जागा नाही. तिचा नेम त्या अमर्याद सत्तेवर आहे. गंमत अशी की हत्यार तिनं नवऱ्याच्याच पेटीतून उचललंय. प्रतिनिधित्व नाही तर कायदा बंधनकारक नाही, हा वाद जॉन आणि त्याचे सोबती इंग्लंडच्या राजाशी घालत होते. तिनं तो स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवला.

म्हणून म्हणते, या पत्राला उत्तर हवं. ते एकटं शेवटी ठेवलंत तर प्रेक्षक टाळ्या वाजवून उठतील आणि जॉन काय म्हणाला ते राहूनच जाईल. जॉन 14 एप्रिलला लिहितो की तुझ्या या अजब कायदेसंहितेवर हसू आवरत नाही. आमच्या चळवळीमुळं सगळीकडची शिस्त सैल झाली असं ऐकत होतो, पोरं ऐकत नाहीत, शिकाऊ कामगार ऐकत नाहीत, शाळा-कॉलेजांत दंगा चाललाय, इंडियन आणि निग्रो डोळे वर करून बोलायला लागलेत. पण या सगळ्यांहून मोठी आणि जबरदस्त जमात असंतुष्ट आहे हे तुझ्याच पत्रातून पहिल्यांदा कळलं. तू फार आगाऊ आहेस, म्हणून हे खोडत नाही. आणि आमची पुरुषी व्यवस्था रद्द करण्याइतके आम्ही खुळे नाही, नाहीतर आमच्यावर परकराचं राज्य यायचं!

एवढंच वाचलं तर वाटतं, हसून उडवून लावलं. पण सहा आठवड्यांनी, 26 मे रोजी, हाच जॉन मॅसॅच्युसेट्समधल्या जेम्स सलिव्हनला मताधिकाराच्या पात्रतेवर एक गंभीर पत्र लिहितो. त्यात अगदी हाच मुद्दा आहे. शासन लोकांच्या संमतीवर उभं असेल तर बायकांना कोणत्या न्यायानं वगळायचं? आणि मग इशारा देतो की या वादाला तोंड फोडू नका, उद्या बायका मत मागतील, बारा ते एकवीस वर्षांची पोरं मागतील, खिशात दमडी नसलेला प्रत्येक माणूस मागेल. म्हणजे बायकोपुढं जे हसण्यावारी नेलं ते पुरुषापुढं त्याला सोडवावं लागलं, आणि सुटलं नाही. मी तुमच्या जागी असते तर 14 एप्रिलच्या पत्रानंतर लगेच सलिव्हनच्या पत्रातला तेवढा उतारा घेतला असता, कोणतीही टिप्पणी न करता.

तिकडं ॲबिगेल 27 एप्रिलला मर्सी ओटिस वॉरन या मैत्रिणीला लिहिते की मी पाठवलेल्या गाऱ्हाण्यांच्या यादीवर तो मलाच आगाऊपणा दाखवतोय, तू साथ दे, आपण काँग्रेसकडं अर्जच करू. आणि 7 मेला जॉनला: बायकांच्या बाबतीत तुला उदार म्हणवत नाही. जगाला शांततेचे आणि सदिच्छेचे धडे देता, राष्ट्रं मुक्त करता, आणि बायकांवरची निरंकुश सत्ता मात्र सोडत नाही. हे तिसरं पत्र माझ्या मते पहिल्यापेक्षा धारदार आहे. पण भिंतींवरच्या पोस्टरांवर येतं ते पहिलंच.

तारखा पाहिल्यात? 31 मार्च, 14 एप्रिल, 7 मे. दोन-तीन आठवड्यांचं अंतर. ब्रेंट्री हे त्यांचं गाव, बॉस्टनच्या दक्षिणेला. फिलाडेल्फिया सुमारे 300 मैल. टपालाचा घोडेस्वार किंवा ओळखीचा प्रवासी. अभिवाचनात हे अंतर ऐकू यायला हवं. दोन खुर्च्या समोरासमोर मांडून पत्रं संवादासारखी म्हणू नका, ती चूक मी एकदा प्रेक्षकांत बसून पाहिली आहे. तिनं वाक्य टाकलं की त्यानं झेललं, अगदी नाटकासारखं. या पत्रांचा जीव उशिरात आहे. एक पत्र वाटेत असतं, तोवर दुसरं जन्माला आलेलं असतं.

या उशिराचं सगळ्यात जीवघेणं उदाहरण जुलै 1777 मधलं आहे, आणि मला विचाराल तर तुमच्या दीड तासाचं काळीज तिथं आहे. ॲबिगेल सहाव्यांदा गरोदर होती. सुझॅना नावाची एक मुलगी त्यांनी 1770 मध्येच गमावली होती. 9 जुलैला ती जॉनला लिहिते की काल रात्री मला थरथरून हुडहुडी भरली, आणि मला भीती वाटते की एक जीव गेला. दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता पुन्हा लिहायला बसते, कळा चालू असताना. वाक्याच्या मध्येच सांगते की आता लेखणी खाली ठेवते, जे टाळता येत नाही ते सोसते. आणि पुढच्याच शब्दांत, सोसून झालं, लेखणी पुन्हा हाती घेतली. 11 तारखेला मुलगी झाली ती मृतच. 16 जुलैला ती कळवते: बाळ अगदी सुरेख होतं, या जगात डोळे उघडलेच नाहीत त्यामुळं ते नुसते झोपेत मिटल्यासारखे दिसत होते. आधी मात्र ती म्हणते की तुला मोलाचा वाटणारा एक जीव वाचला याबद्दल माझ्याबरोबर देवाचे आभार मान. तो मोलाचा जीव म्हणजे ती स्वतः.

तिकडं फिलाडेल्फियात जॉन 10 जुलैला लिहितोय की माझं मन तुझ्यासाठी पुन्हा काळजीत आहे. काय घडतंय हे त्याला ठाऊक नाही. तिचं पत्र पोचल्यावर 28 जुलैला तो लिहितो की जे मूल कधी पाहिलं नाही आणि कधी दिसणारही नाही, त्याच्याबद्दल इतकी माया वाटावी हे किती अनाकलनीय आहे!

आता पुढचं ऐका. याच महिन्याच्या अखेरीला, मूल गेल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ती बॉस्टनमधल्या कॉफीच्या दंगलीची हकिकत लिहिते. आणि काय लिहिते! युद्धामुळं साखर-कॉफीची टंचाई, व्यापारी साठे दाबून बसलेले. थॉमस बॉइल्स्टन नावाचा श्रीमंत, चिक्कू आणि (ती आवर्जून सांगते) अविवाहित व्यापारी सहा शिलिंगांच्या खाली कॉफी विकायला तयार नाही. शंभरेक बायका, काही म्हणतात त्याहून जास्त, हातगाडी घेऊन त्याच्या वखारीवर चालून गेल्या. किल्ल्या मागितल्या. तो देईना. तेव्हा एकीनं त्याची मानगूट धरून त्याला गाडीत फेकला. आता सुटका नाही म्हटल्यावर त्यानं किल्ल्या दिल्या. बायकांनी गाडी उलटी करून त्याला ओतून टाकला, वखार उघडली, कॉफी गाड्यांवर चढवली आणि चालत्या झाल्या. पुरुषांचा मोठा घोळका थक्क होऊन गप्प बघत उभा होता. हे शेवटचं वाक्य ती अशा थंडपणे टाकते की वाचणारीनं हसू दाबायला शिकलं पाहिजे. बॉइल्स्टन हे जॉनच्या आईचं माहेरचं आडनाव, म्हणजे चेष्टा सासरच्याच नात्यातल्या माणसाची चालली होती. वर्षभरापूर्वी बंडाची धमकी देणाऱ्या बाईनं हे पत्र लिहिलंय हे प्रेक्षकांना आपणहून कळू द्या.

बाकीच्या पत्रांबद्दल भरभर सांगते. दोघांची मिळून 1,100 हून अधिक पत्रं उरली आहेत, 1762 पासून 1801 पर्यंतची. घराण्यानं सगळी कागदपत्रं 1956 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिली, आणि या पत्रांची छायाचित्रं आणि अक्षरशः उतरवलेला मजकूर आज कुणालाही फुकट वाचता येतो. तोच मजकूर घ्या. जुन्या छापील आवृत्त्यांत अडकू नका. नातू चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्सनं 1840 मध्ये आजीची पत्रं छापली, त्याचे उपकार आहेतच, पण त्यानं तिचं स्पेलिंग सुधारलं आणि त्याला घरगुती वाटलं ते गाळलं. ॲबिगेल शाळेत कधी गेली नव्हती. पाद्री बापाच्या घरची पुस्तकं वाचून शिकली आणि शब्द कानाला लागतील तसे लिहायची. याची तिला आयुष्यभर लाज वाटे, पत्रं जाळून टाक असं ती पुन्हा पुन्हा लिही. जॉनचं उलटं. 2 जुलै 1774 लाच तो तिला सांगतो की ही पत्रं जपून ठेव, पुढच्या पिढ्यांना या दिवसांचं चित्र त्यांत दिसेल. 1776 मध्ये त्यानं पत्रांच्या नकला ठेवायला कोरी वहीच विकत घेतली. सुदैवानं घरात त्याचं ऐकलं गेलं. मार्था वॉशिंग्टननं नवऱ्याची पत्रं जवळजवळ सगळी जाळली, जेफरसननं बायकोबरोबरचा पत्रव्यवहार नष्ट केला. त्यामुळं त्या पिढीचा संसार बघायचा तर दार एवढं एकच उघडं आहे.

लग्नाआधीची दोन पत्रं घ्या, जास्त नको. 1764 च्या वसंतात जॉन देवी टोचून घ्यायला बॉस्टनला गेला. त्याची पत्रं घरी पोचली की संसर्ग नको म्हणून आधी धुरी देत. टॉम नावाचा नोकर पत्राला धुरी देतोय आणि ही त्याच्याभोवती घिरट्या घालतेय, घरटं लुटलं की पाखरू घालतं तशा, हे ती स्वतःच लिहिते. दुसरं त्याच मे महिन्यातलं. तिनं माझे दोष सांग म्हटल्यावर त्यानं खरोखरच यादी पाठवली. पत्ते खेळत नाहीस, चारचौघांत बुजतेस, गाता येत नाही, मान खाली घालतेस, पायावर पाय टाकून बसतेस आणि ही शेवटची दोन्ही अति विचार केल्यामुळं होतात. तिनं उत्तर दिलं की सभ्य गृहस्थाला बाईच्या पायांशी काही कर्तव्य नसतं. लग्न मोडलं नाही, 25 ऑक्टोबर 1764 ला झालं.

17 जून 1775 ची बंकर हिलची लढाई तिनं सात वर्षांच्या मुलाचा, जॉन क्विन्सीचा हात धरून घराजवळच्या पेन्स हिल या टेकडीवरून पाहिली. दुसऱ्या दिवशीचं पत्र सगळेच घेतात, घ्या. पण त्याच सुमाराला ती त्याला टाचण्यांचा पुडा आणायला सांगते, कारण साडेसात शिलिंगांचा पुडा वीस शिलिंगांना झालाय आणि तेवढे देऊनही मिळत नाही. हे पत्र गाळू नका. इंग्लंडच्या मालावर बहिष्कार म्हणजे काय हे टाचण्यांवरून जितकं कळतं तितकं भाषणांवरून नाही.

चहाचंही असंच आहे. बॉस्टनच्या बंदरात डिसेंबर 1773 मध्ये बुडवलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. आपल्या लोकांना ही कंपनी वेगळ्या कारणानं आठवते. मार्च 1776 मध्येच, ॲबिगेल ते पत्र लिहीत होती त्या महिन्यात, कंपनी आणि पेशवे यांच्यात पुरंदरचा तह झाला. असो. 1776 मध्ये जॉननं फिलाडेल्फियातून तिच्यासाठी एक पौंड हिरवा चहा पाठवला, एल्ब्रिज गेरी या सोबत्याच्या हातून. दिवस उलटतात, ही पोच देत नाही. उलट लिहिते की सॅम्युएल ॲडम्सच्या बायकोकडं फार उत्तम हिरवा चहा प्यायला मिळाला, तिला तो तिच्या नवऱ्यानं पाठवला म्हणे. झालं होतं असं की गेरीनं डबा चुकून दुसऱ्याच मिसेस ॲडम्सकडं दिला होता आणि ही स्वतःच्याच चहाची पाहुणी झाली होती. जॉनला मग खुलासा करावा लागला, आणि पौंडाला किमान चाळीस शिलिंग पडले हेही सांगावंसं वाटलं. प्रेक्षागृहात नवराबायको शेजारी शेजारी बसलेले असतील तर हे पत्र हमखास चालतं.

एक सावधगिरीची गोष्ट. पत्र मोकळं का नाही, असा प्रश्न तुम्हाला काही ठिकाणी पडेल. 1775 च्या उन्हाळ्यात जॉनची दोन पत्रं, एक तिला आणि एक मर्सीच्या नवऱ्याला, जेम्स वॉरनला, वाटेत इंग्रजांच्या हाती पडली आणि वर्तमानपत्रात छापून आली. वॉरनच्या पत्रात त्यानं जॉन डिकिन्सनला पैशानं मोठा आणि बुद्धीनं क्षुल्लक म्हटलं होतं. डिकिन्सन काँग्रेसमध्ये त्याच्याच बरोबर बसत होता. पुढं 1778 मध्ये जॉन वकिलातीसाठी फ्रान्सला गेल्यावर पत्रं आखडली. ती रागावते की दोन ओळी लिहून भागवतोस. तो म्हणतो, शत्रूचं जहाज आडवं आलं तर प्रत्येक शब्द छापला जाईल, माझ्या जिवाला विसरेन असं मनातही आणू नकोस. पत्रं समुद्रात बुडत, पकडली जात, म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत. फिलाडेल्फियाची वाट आठवड्यांची होती, फ्रान्सची महिन्यांची झाली. (फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवणारच. 1883 नंतर तिथून गोपाळरावांना पत्रं लिहिणारी ती मराठी मुलगी आणि ब्रेंट्रीतून फिलाडेल्फियाला लिहिणारी ही बाई यांवर कुणीतरी दुसरा प्रयोग करावा. या प्रयोगात मात्र ते कोंबू नका.)

फ्रान्सच्या वर्षांतला पैशाचा व्यवहार रुक्ष वाटून गाळाल, म्हणून मुद्दाम सांगते. तिला कपड्यालत्त्याचा हट्ट नव्हता. जॉननं युरोपातून रुमाल, रिबिनी, चिनी मातीची भांडी पाठवावीत आणि तिनं ती नात्यातल्यांमार्फत विकावीत, असा तिनं धंदाच उभा केला. जॉनचा जीव जमिनीत अडकलेला. तिचा विश्वास सरकारी कर्जरोख्यांवर, जे तेव्हा मातीमोल भावात मिळत होते आणि पुढं वधारले. 1782 मध्ये मात्र तिनं उलट जाऊन व्हर्मॉंटमध्ये सुमारे 1,600 एकर जमीन घेतली, म्हातारपणी राहायला. त्यावर जॉनचं उत्तर एका ओळीचं: व्हर्मॉंटच्या भानगडीत आता पुन्हा पडू नकोस. आणि हे सगळं ज्या पैशावर चाललं तो कायद्यानं तिचा नव्हताच. 1816 मध्ये तिनं मृत्युपत्र केलं, नवरा जिवंत असताना, आणि जवळजवळ सगळं नाती, भाच्या-पुतण्या, घरकामाच्या बायका यांच्या नावे केलं. अशा मृत्युपत्राला कायद्यात किंमत नव्हती. 1818 मध्ये ती गेल्यावर जॉननं ते पाळलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या हसण्याला त्याचं हेच काय ते उत्तर असावं, असं मला वाटतं. त्यानं तसं कुठं लिहिलेलं नाही.

तिला देव्हाऱ्यात बसवू नका मात्र. गुलामगिरीबद्दल तिनं 1774 मध्येच स्वच्छ लिहिलंय की आपण ज्यासाठी लढतो तेच दुसऱ्यांकडून रोज लुटतो. 1797 मध्ये घरातल्या जेम्स नावाच्या काळ्या मुलाला रात्रशाळेत घातल्यावर शेजारी तक्रार घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला सुनावलं की तो इतर पोरांइतकाच स्वतंत्र माणूस आहे, केवळ चेहरा काळा म्हणून त्याला शिकू द्यायचं नाही का? हे खरंच वाचा. पण तिच्या माहेरी गुलाम होते हेही खरं. आणि 1798 मध्ये नवरा राष्ट्राध्यक्ष असताना त्याच्यावर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात टाकणारा कायदा व्हावा म्हणून तिची बहिणीला लिहिलेली पत्रं उतावीळ आहेत. जॉनचंही एक पत्र आहे, ऑक्टोबर 1799 मधलं, दारूत बुडालेल्या मुलाबद्दल, चार्ल्सबद्दल: मी त्याचा त्याग करतो. पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर चार्ल्स वारला. एखाद्या गोड जोडप्याची गोष्ट सांगायला निघाला असाल तर या पत्रापाशी ती अडेल, आणि अडावी.

आता तुमचं तू आणि अहो.

इंग्रजीनं तुम्हाला काहीच मदत केलेली नाही, पण पत्रांनी केली आहे. मायना बघा. आपल्याकडं जुन्या पत्रांत मायन्यावरूनच नातं ठरतं, इथंही तसंच. ती त्याला ‘माझ्या जिवलग मित्रा’ म्हणून हाक मारते, आणि तोही तिला तेच म्हणतो, तोच शब्द, लिंगभेद नसलेला. हा शब्द मराठीत आणताना ‘मैत्रीण’ म्हणालात तर कॉलेजचा वास येतो, ‘सखी’ म्हणालात तर कवितेचा. मी ‘जिवलग’ वापरते. तो दोघांनाही चालतो. खाली ती सही करते ‘पोर्शिया’, ब्रूटसच्या बायकोचं नाव, नवऱ्याच्या राजकारणात भागीदारी मागणाऱ्या रोमन बाईचं. लग्नाआधी ती डायना होती आणि तो लायसँडर. बहिणीला लिहिताना मात्र तीच बाई नवऱ्याला ‘मिस्टर ॲडम्स’ म्हणते. चारचौघांत ‘हे’ आणि खोलीत ‘तू’ हे आपल्या आज्या-पणज्यांना समजावून सांगावं लागलं नसतं.

म्हणून माझं मत: त्याला लिहिताना तू, त्याच्याबद्दल दुसऱ्यांना लिहिताना हे. अहो घातलंत तर ‘बायकांना विसरू नका’ हा विनंतीअर्ज होतो आणि जॉनचं हसणं क्रूर वाटायला लागतं. तू घातलंत की ती बरोबरीची कुरबुर होते, त्याचं हसणं चेष्टेचं होतं आणि ती चेष्टा कुठं थांबते हे जास्त बोचतं. तुमच्यातल्या अहोवाल्या बाजूकडं एक मुद्दा आहे, तो मान्य करते. त्या एका परिच्छेदात ती मुद्दाम अनेकवचनात जाते, ‘तुम्ही पुरुष’ म्हणून बोलते. तिथं ‘तू’ सोडून ‘तुम्ही’ वर या आणि परिच्छेद संपला की परत तू. प्रेक्षकांना कारण सांगावं लागणार नाही. आणि कृपा करून ‘स्त्रियांचे स्मरण ठेवा’ असं भाषांतर करू नका, ते श्रद्धांजलीच्या सभेत शोभतं. ‘विसरू नका’ किंवा नुसतं ‘बायकांचं लक्षात असू द्या’. ‘आगाऊ’ शब्द दोघांच्याही तोंडी यायला हवा, कारण मूळ शब्द ते एकमेकांवर फेकतात.

एक छोटं पत्र मी मुद्दाम शेवटच्या भागासाठी राखून ठेवलंय, 29 ऑगस्ट 1776 चं. देवी टोचून घ्यायला ती मुलांना घेऊन बॉस्टनमध्ये मावशीकडं राहत होती. मावशीच्या खोलीला लागून एक लहानशी कोठडी, तिची खिडकी फुलबागेकडं, भिंतीला पुस्तकांच्या फळ्या, एक छोटं मेज. इथं बसून मी पत्रं लिहिते आणि कागद ठेवते, कुणी हात लावत नाही, असं ती लिहिते. टाळ्यांचं पत्र नाही हे. पण चार-चार मुलं, शेत, महागाई आणि साथ सांभाळून इतकी पत्रं लिहिणाऱ्या बाईला काय हवं होतं ते यात आहे.

आणि शेवट? 1800 च्या नोव्हेंबरात नव्या, अर्धवट बांधलेल्या राष्ट्राध्यक्ष भवनातून (आजचं व्हाइट हाउस) जॉननं लिहिलेलं पत्र बहुतेक जण शेवटी घेतात, या छपराखाली फक्त प्रामाणिक आणि शहाणी माणसं राज्य करोत वगैरे. ते आता तिथल्या भोजनदालनातल्या शेकोटीवर कोरलेलं आहे, आणि कोरलेली वाक्यं ऐकायलाही तशीच दगडासारखी जड लागतात. मी 1784 वर थांबले असते. नोव्हेंबर 1779 मध्ये तो दुसऱ्यांदा युरोपला गेला. साडेचार वर्षांहून जास्त काळ दोघं भेटले नाहीत. जून 1784 मध्ये ती, जिनं कधी समुद्र ओलांडला नव्हता, मुलीला घेऊन जहाजात बसली. 7 ऑगस्टला लंडनमध्ये भेट झाली. त्या भेटीचं पत्र अर्थातच नाही, दोघं एकाच खोलीत होते. बहिणीनं रागावून विचारू नये म्हणून तिनं काही महिन्यांनी एवढंच लिहिलं की कवी आणि चित्रकार शहाणे असतात, लेखणीला आणि कुंचल्याला न पेलणाऱ्या प्रसंगांवर ते पडदा ओढतात. ते वाक्य तिच्या आवाजात होऊ द्या, दोघांच्या हातातले कागद खाली ठेवायला सांगा आणि दिवे बंद करा.